‘कंट्री हाउस’ म्हणजे वाडा?

प्रश्न
इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या केडल्स्टन हॉलचं वर्णन मराठीत लिहितेय. ‘जॉर्जियन कंट्री हाउस’ला, म्हणजे बड्या घराण्याच्या गावाकडच्या मोठ्या घराला, ‘जॉर्जियन वाडा’ लिहिलं, दारापुढच्या खांबांच्या ‘पोर्टिको’ला ‘ओसरी’. दोन्ही खटकतंय. शिवाय आईने वाचून विचारलं, हा वाडा जॉर्जिया देशात आहे का? काय करू?

उत्तर १
१७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले, त्यांच्यावरून जॉर्जियन. आपण ‘पेशवेकालीन’ म्हणतो तसं. पहिल्यांदा ‘जॉर्ज राजांच्या काळातलं’ असं लिहा, आईंची अडचण तिथेच सुटेल.

‘वाडा’ मात्र नको. वाडा आत बघतो. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती सोपे, उजेड-वारा सगळा चौकातून. रस्त्याकडची भिंत जवळजवळ मुकी. ही इंग्लिश घरं बाहेर बघतात. ओळीने मोठाल्या खिडक्या आणि समोर लांबवर हिरवळ. त्या हिरवळीवर कुंपण दिसू नये म्हणून ते जमिनीत उतरवत: एक खोल चर, त्याच्या घराकडच्या अंगाला उभी भिंत, दुसरीकडे गवताचा उतार. गुरं आत येत नाहीत आणि खिडकीतून भिंतही दिसत नाही. त्याला ‘हा-हा’ म्हणतात. त्याचं भाषांतर ‘खंदक’ करू नका. खंदक शत्रूसाठी असतो. ‘गढी’ही त्याच कारणाने बाद.

उत्तर २
वाड्याबद्दल थोडा मतभेद. वाडा शब्दात नुसता नकाशा नाही, घराणंही आहे, आणि केडल्स्टनला कर्झन घराणं शेकडो वर्षं राहिलं. तरी ‘प्रासाद’ अधिक बरा.

ओसरी काढाच. ओसरीवर माणूस टेकतो, पान खातो, धान्य निवडतो. इथे सहा कोरिन्थियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब आणि वर त्रिकोणी शिखर आहे. ते रोमन देवळाचं तोंड आहे. ‘मुखमंडप’ लिहा.

आपले जुने शब्द खरे कामाला येतात ते आतल्या मांडणीला. १७५९ मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमकडे आलं. मधली इमारत पाहुण्यांसाठी, थाटासाठी. घरचे लोक एका बाजूच्या इमारतीत राहायचे, स्वयंपाक दुसऱ्या बाजूच्या इमारतीत, आणि मधून वळणदार जोडमार्ग. म्हणजे मधली अख्खी इमारत हाच दिवाणखाना! स्वयंपाकाच्या भागाला बेलाशक ‘मुदपाकखाना’ म्हणा.

एक सावधगिरी: ‘मार्बल हॉल’ या नावावर जाऊन तिथले वीस खांब संगमरवरी करू नका. ते अलाबास्टरचे आहेत. हा जिप्समचा मऊ दगड, नखानेही ओरखडा उठतो. ‘अलाबास्टर’च ठेवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. प्रासाद, मुखमंडप, दिवाणखाना, मुदपाकखाना पक्के. ‘हा-हा’ तसाच ठेवून एका वाक्यात समजावते. कोलकात्याचं राजभवन (१७९९–१८०३, आताचं नाव लोक भवन) याच घरावरून बेतलंय. केडल्स्टनला बाजूच्या चार इमारती योजल्या होत्या, बांधल्या दोनच. कोलकात्यात चारही उभ्या राहिल्या. लॉर्ड कर्झन तर जन्मला केडल्स्टनला आणि १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन राहायला गेला त्या प्रतिकृतीत.

आता ‘सॅश विंडो’ उरली. ‘वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची खिडकी’ दर वेळी लिहिणं जड जातंय. कुणाकडे सुताराच्या तोंडचा शब्द आहे का?