डोळ्यांसमोर बंद पडलेला कार्यक्रम: कोल्हापूरकरांनो, लिहा

मालिका मध्येच गुंडाळली की आपण लगेच म्हणतो, 'वरून दबाव आला असणार.' मीही म्हणायचे. मग शिवाजी पेठेतला आत्याचा वाडा एका मालिकेनं भाड्यानं घेतला. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की युनिटचा चहासुद्धा बेचव व्हायचा. असल्याच एका गुरुवारी मॅनेजर म्हणाला, "काकू, शनिवारी शेवटचा सीन." खलनायिकेचा पश्चात्ताप, एक लग्न, एक बारसं, सगळं तीन भागांत उरकलं. प्लायवूडचं तुळशी वृंदावन तेवढं मागं राहिलं. आत्या त्यावर पापड वाळवते.

तुम्ही काय बघितलंत? ऐकीव नको.

गंगावेशकर: मामांचं भांड्यांचं दुकान. केबलवर जाहिरात असायची, हात जोडलेल्या फोटोसकट. २०१९ ला विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि केबलवाल्यानं जाहिरातच उतरवली. मामा तणतणत गेले, "पातेल्यात कसलं आलंय राजकारण?" तो म्हणाला, "फोटो तुमचाच हाय न्हवं? एमसीएमसीचं सर्टिफिकेट आणा, लगेच लावतो." एमसीएमसी म्हणजे निवडणुकीतल्या जाहिराती तपासणारी समिती. टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी तिचं प्रमाणपत्र लागतं, २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून. शेवटी मामांनी स्वतःच्या जागी कुकरचा फोटो लावला. डिपॉझिट गेलं ते वेगळंच.

राजारामपुरी_९वी_गल्ली: जाहिरातीच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, 'मागे घेतली' आणि 'बंद केली' यांत फरक असतो. ऑक्टोबर २०२० मधली तनिष्कची डोहाळजेवणाची जाहिरात सोशल मीडियावर ओरडा झाल्यावर कंपनीनं स्वतः काढली. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयनं तर तिच्यात नियमभंग नाही असंच म्हटलं होतं. जून २०२२ मधली ती बॉडी स्प्रेची घाणेरडी जाहिरात मात्र मंत्रालयानं काढायला लावली, आणि बरंच केलं. आमच्याकडं गिऱ्हाईक मंत्रालयाला नाही, असल्या ओरड्याला घाबरतं. आता सणाची जाहिरात करायची म्हटलं की पणती, रांगोळी, लाडू. संपलं.

सकाळची_सभा: रेडिओवर आमचं विनोदी नभोनाट्य लागणार होतं. महिनाभर तालमी, घरात सगळ्यांना सांगून झालेलं. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळीच लतादीदी गेल्याची बातमी आली, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा. फोन आला, "तुमचं आज नाही." आईनं रेडिओ बंद केला नाही. दिवसभर गाणी ऐकत भाकऱ्या थापत होती. नाटक पुढं लागलं, पण कधी ते आम्हालाच कळलं नाही.

स्पॉटदादा: आमचं बंद पडता पडता राहिलं. एप्रिल २०२१, राज्यात शूटिंगला बंदी. सगळं युनिट गाडीत घालून गोव्याला. मालिकेतलं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं. दिग्दर्शक दिवसभर ओरडत होता, "फ्रेममधनं माड काढा रे!"