अनुभव धागा : तुमच्या कामातला ‘चार्ज’ कोणता?

गेल्या महिन्यात माझी दहावीतली मुलगी बाबांना म्हणाली, “आजोबा, चार्ज संपला, जरा तुमचा फोन द्या.” बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. “माझा चार्ज तर 2009 मध्येच दिला बेटा.” ते नागपूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी चार्ज ही कपाटाच्या किल्ल्यांसोबत एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाणारी गोष्ट आहे. मुलीच्या लेखी ती भिंतीतून वायरीवाटे येते.

दोघांचा चार्ज एकच आहे का, हे शोधायला बसले आणि त्यातच गुंतले. मूळ सापडलं ते बैलगाडीपाशी. गॉल प्रदेशातले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचे केल्टिक लोक आपल्या मालगाडीला जो शब्द वापरत, तो रोमनांनी उचलला आणि त्याचा ‘कार्रुस’ केला. इसवी सनपूर्व 58 मध्ये हेल्व्हेटी लोक बिऱ्हाड गाड्यांवर घालून निघाले, त्याचं वर्णन खुद्द सीझरने लिहून ठेवलंय, आणि त्या गाड्यांसाठी त्याचा शब्द हाच. पुढे लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ झालं, म्हणजे गाडीवर माल लादणं. फ्रेंचांनी ते घासून घासून ‘शार्जे’ केलं, आणि तेराव्या शतकात इंग्रजीत ‘चार्ज’ आला तो साध्या ‘ओझं’ या अर्थाने. जबाबदारीचं ओझं, आरोपाचं, खर्चाचं, बंदुकीत ठासलेल्या दारूचं, हे सगळं मागाहून. कार, कॅरी, कॅरेज, कार्गो, करिअर ही त्याच घरातली भावंडं.

मला खरं थांबवलं ते आपल्या ‘भार’ने. पदभार, कार्यभार, प्रभारी अधिकारी, विद्युत प्रभार. कर आपण ‘लादतो’, आरोप ‘ठेवतो’. आपण इंग्रजीची नक्कल केली की दोन्ही भाषांना ओझं एकाच जागी जाणवलं? नागपूर आणि आसपासच्या मंडळींनी आपापल्या कामातले अनुभव लिहावेत. शब्दकोशातलं मी वाचेन, मला तुमच्याकडचं हवंय.

निवृत्त अव्वल कारकून, मानेवाडा

ताई, तुमच्या बाबांचं अगदी बरोबर आहे. चार्ज म्हणजे काय ते ज्याने घेतला त्यालाच ठाऊक.

1994 साली एका तालुक्याच्या ठिकाणी मी चार्ज घेतला. आधीचे गृहस्थ घाईत होते, बदलीच्या गावी मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या होत्या. यादी वाचली, सही केली, चहा झाला, ते गेले. पंधरा दिवसांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कचेरीतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडलं तेव्हा कळलं की एक पितळी घंटा, दोन पेट्रोमॅक्स आणि एक लोखंडी पेटी कागदावर आहे, खोलीत नाही. सही माझी, म्हणजे घंटाही माझीच. तीन रविवार मी ती कचेरी उलथीपालथी केली. पेटी सापडली, चपराशाच्या खोलीत तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला होता. पेट्रोमॅक्स माळ्यावर निघाले. घंटा शेवटपर्यंत सापडली नाही, तिचे पैसे मी भरले.

त्या दिवसांत रात्री छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. तुम्ही गाडीवर लादलेल्या मालाचं लिहिलं तेव्हा तेच आठवलं. नंतरच्या प्रत्येक बदलीत मी चार्ज तीन दिवस घेतला, वस्तूवर हात ठेवून. पुढचा माणूस कितीही वैतागला तरी.

वकील, सिव्हिल लाइन्स

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात मिळून बावीस वर्षं झाली. आमच्याकडे दोन चार्ज आहेत आणि पक्षकार ते नेहमी एकत्र करतात. पोलीस तपास संपवून न्यायालयात दाखल करतात ते आरोपपत्र, बोलीत चार्जशीट. पण ‘चार्ज फ्रेम’ होतो तो न्यायालयात, आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. मराठीत त्याला दोषारोप ठेवणं म्हणतात.

काटोलकडची एक म्हातारी आपल्या मुलाच्या केससाठी यायची. मी सांगितलं, “माय, उद्या चार्ज आहे.” दुसऱ्या दिवशी ती लुगड्याच्या गाठीत पाचशे रुपये बांधून आली. उसनवारीचे होते. तिला वाटलं, चार्ज म्हणजे भरायचे पैसे, डॉक्टरचा असतो तसा. मी तिला बाकावर बसवून सगळं समजावलं. ती म्हणाली, “म्हंजे पैशाचं नाही, पोराच्या डोक्यावरचं हाय.” त्या दिवसापासून मी पक्षकाराशी बोलताना चार्ज हा शब्द वापरत नाही. ‘आरोप वाचून दाखवणार आहेत’ असं म्हणतो.

‘आरोप’चं मूळ ‘रुह्’ धातूत आहे, वर चढणं. वर चढवलं, बसवलं की आरोप. वृक्षारोपणातलं आरोपणही तेच. म्हणजे संस्कृतनेही दोष माणसावर चढवलाच आहे, फक्त गाडी मध्ये आणली नाही. मला वाटतं नक्कल नसावी. आरोप झालेल्या माणसाचे खांदे बघा, कुठल्याही भाषेत तो तसाच उभा राहतो.

विज्ञान शिक्षिका, महाल

विद्युत प्रभार शिकवताना दरवर्षी एक तरी मूल विचारतं, “मॅडम, प्रभाराला वजन असतं का?” यात मुलाची काहीच चूक नाही. शब्दातच भार आहे, आणि आम्ही त्यालाच सांगतो की हा तो भार नव्हे.

आधी मी “तसं नाव आहे” म्हणून पुढे जायचे. आता गोष्ट सांगते. 1745-46 च्या सुमाराला युरोपात लायडन जार निघाला, आतबाहेर धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी. घर्षणाने तयार केलेली वीज त्यात साठवता यायची. बंदुकीत दारू ठासतात तशी बरणीत वीज ‘भरली’, म्हणून चार्ज. बेंजामिन फ्रँकलिनच्या डोक्यात वीज एखाद्या द्रवासारखी होती, जास्त झाली की धन, कमी झाली की ऋण. हे ऐकलं की मुलांना धन आणि ऋण ही नावंही कळतात, नाहीतर ती नुसती पाठ होतात.

गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, “म्हणजे भारनियमनातला भारही हाच का मॅडम?” कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात अशा गावातला मुलगा, तरी लहानपणी कंदिलात अभ्यास केलेल्या मोठ्या भावाकडून त्याने तो शब्द ऐकला होता. तो भार म्हणजे तारांवरचा विजेचा भार, इंग्रजीत लोड. जवळचाच, पण थोडा वेगळा. फळ्यावर दोन्ही लिहिले आणि तास तिथेच संपला. तो माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला तास.

रेल्वे कर्मचारी, अजनी

आमचा विभाग कॅरेज अँड वॅगन, म्हणजे सी अँड डब्ल्यू. गाडी आली की हातोडी आणि टॉर्च घेऊन डब्यांखाली बघत जायचं. चाक, एक्सल, स्प्रिंग, ब्रेक. आवाजावरून कळतं. कॅरेज तुमच्या यादीत आहे हे वाचून बरं वाटलं.

एक भर घालतो. मुलाने नववीला संस्कृत घेतलं. एकदा माझं बोलणं ऐकून म्हणाला, “बाबा, एक्सल म्हणजे अक्ष ना?” मला वाटलं गंमत करतो. त्याने सरांना विचारून आणलं. अक्ष आणि एक्सल खरोखर एका मुळाचे. चक्र आणि इंग्रजीतलं व्हील, सायकलही एकाच मुळाचे. बैलाच्या मानेवरचं जू संस्कृत युग पासून आलं आणि इंग्रजी योक त्याचा चुलतभाऊ. तीस वर्षं मी ज्याच्यावर हातोडी मारली तो शब्द माझ्या आज्याच्या बंडीतलाच, म्हणजे बैलगाडीतलाच होता.

संत्र्यांचा व्यापार, कळमना

आमच्याकडे तर सगळंच कॅरेट. दोनशे कॅरेट उतरले, पन्नास कॅरेट परत. तोही यातलाच का? आणि कॅरीबॅग?

धागाकर्ती

कॅरीबॅग हो, घरचीच. कॅरी म्हणजे मुळात गाडीतून नेणं. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशवी बदलली, पण बाजारात शब्द तोच राहिला.

कॅरेट मात्र नाही. तुमचा कॅरेट हा मूळचा क्रेट. त्याचं नातं लॅटिनमधल्या वेतकामाच्या, विणलेल्या ताटीच्या शब्दाशी लावतात. सोन्याचा कॅरेट आणखी वेगळा, तो अरबी ‘कीरात’मधून आला, आणि अरबीत तो एका शेंगेच्या बीच्या ग्रीक नावावरून. कानाला सारखे लागणारे इतके शब्द यात आहेत की मी स्वतः दोनदा फसले. कॅराव्हॅन फारसी आहे, तांड्याचा कारवान, आणि व्हॅन हे त्याचंच तुटलेलं शेपूट. म्हणजे कार आणि व्हॅन एकाच पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असतात पण गणगोत वेगळं. इंग्रजी कार्टसुद्धा उत्तर युरोपातून वेगळ्या वाटेने आला.

चित्रकला शिक्षक, धंतोली

मग हेही जोडा. कार्टून या घरातलं नाही, ते इटालियन जाड कागदाच्या शब्दावरून आलं. पण कॅरिकेचर आहे! इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणं. नाक मोठं तर त्यावर आणखी नाक लादायचं. आपण त्याला अर्कचित्र म्हणतो. त्यांनी भर घातली आणि आपण काढा आटवला. चित्र काढताना हातून मात्र दोन्ही होतं, आधी आटवावं लागतं आणि मग लादावं लागतं.

परिचारिका

डिस्चार्ज. म्हणजे ओझं उतरवणं, हो ना? वॉर्डात नातेवाईक कधीच डिस्चार्ज म्हणत नाहीत. “सिस्टर, सुट्टी कवा होते?” असं विचारतात. जखमेतून वाहतं त्यालाही आम्ही कागदावर डिस्चार्ज लिहितो आणि तोंडाने स्राव म्हणतो. माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात आहेत. पावसाळ्यात ते फोनवर गोसीखुर्द धरणाचा डिस्चार्ज विचारत असतात, त्यांच्या मराठी पत्रकात तो ‘विसर्ग’ असतो. एका घरात एकाच वेळी दोघं डिस्चार्जबद्दल बोलतो, मी माणसांच्या आणि ते पाण्याच्या.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या दिवशी सुट्ट्यांचा आकडा भरतीपेक्षा जास्त झाला, त्या दिवशी आमच्या इन्चार्ज सिस्टरनी रजिस्टर मिटून डोळे पुसले होते. इन्चार्ज हा शब्द मी तेव्हापासून वेगळा ऐकते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, मूळ गाव भंडारा जिल्हा

करिअरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. फ्रेंचमध्ये ‘कारिएर’ म्हणजे गाड्यांचा रस्ता, शर्यतीचं मैदान. इंग्रजीत सोळाव्या शतकात तो आला तेव्हा अर्थ भरधाव धावणं असा होता, नोकरीधंद्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला.

आमच्या गावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत भरते. मध्ये काही वर्षं पट बंद होता, 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाला. त्या पटावर बाबांची जोडी धावली तेव्हा मी इथे अभ्यासिकेत बसलो होतो. बाबांनी फोन केला, “पहिले नाही आलो, पर जोडी सरळ धावली.” दोन वेळा मुख्य परीक्षेत राहिलो तेव्हाही त्यांनी मला करिअरचं काही विचारलं नाही. “सरळ चाललं ना?” एवढंच विचारतात.

रामटेकजवळच्या गावातून

माझी आजी ब्याऐंशी वर्षांची. तिने आयुष्यभर कापसाची बंडी भरली. बंडीत पायाने कापूस दाबत दाबत तो कसा चढवायचा, जू कधी टेकवायचं, सगळं तिच्याकडून शिकावं. तिला चार्ज हा शब्द येत नाही. मोबाइल तिच्याकडे तीन वर्षांपासून आहे आणि रोज रात्री ती मला हाक मारते, “फोन भराले लावला का रे?” मला वाटायचं आजी चुकीचं बोलते, मी तिला सुधारतही होतो. हा धागा वाचला आणि गप्प झालो. रोमन माणसाने गाडीपाशी उभं राहून जे म्हटलं असेल तेच ती म्हणते, कोणी न शिकवता.

काल रात्री वादळात वीज गेली. अंगणातून वासरू ओरडत होतं. आजी अंधारातूनच म्हणाली, “भरला हाय का फोन?” मी म्हटलं, हो, पूर्ण भरलाय.

“मंग लाव बॅटरी. दोर सुटला असंन त्याचा.”