डॉक्युमेंट्सचे लोकेशन चुकून अख्ख्या डी ड्राइव्हवर गेले, परत आणताना लाईट गेली

पेटी_देवगड

विंडोज ११, डेस्कटॉप पीसी. सी म्हणजे १२० जीबीची एसएसडी, डी १ टीबी हार्ड डिस्क. सी भरत आला म्हणून डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅबवर पत्ता बदलला. डी:\डॉक्युमेंट्स लिहायचे ते नुसते डी:\ लिहिले गेले. डेस्कटॉपचेही तेच. मध्ये विंडोजने काहीतरी विचारले, येस दाबले. आता डेस्कटॉपभर डी ड्राइव्ह पसरलाय: आंब्याच्या पेट्यांच्या पावत्या, वाशी मार्केटच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), फोटो, जुने बॅकअप. डॉक्युमेंट्सवर रिस्टोअर डिफॉल्ट दाबले, 'सगळ्या फाइल हलवू का?' याला येस म्हटले आणि अर्ध्यात लाईट गेली. थोड्या फाइल सीवर, बाकीच्या डीवर. सीमध्ये ३ जीबी उरलेत. पुन्हा तेच बटण दाबले तर अॅक्सेस डिनाइड. फॉरमॅट न मारता सुटेल का?

खाडीपलीकडे

सुटेल. फक्त रिस्टोअर डिफॉल्टला आता हात लावू नका. ते बटण पत्ता बदलते आणि लगेच फाइलही हलवू पाहते. पत्ता डी:\ असेल तर 'डॉक्युमेंट्समधल्या फाइल' म्हणजे बॅकअपसकट सगळा डी. तो १२० जीबीत मावायचा कसा? अॅक्सेस डिनाइड येतो कारण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एकाच जागेवर बसलेत. तुम्ही येस दाबलेल्या चौकटीत बहुधा हाच इशारा होता, की पुढे हे फोल्डर वेगळे करता येणार नाहीत. बटणाने येत नाहीत हे खरे, रजिस्ट्रीतून (विंडोज आपली सेटिंग जिथे नोंदवून ठेवते तिथून) येतात.

आधी पत्ता, फाइल नंतर. (नावे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीत करा.)

डीवर डॉक्युमेंट्स नावाचा रिकामा फोल्डर करा. सी:\युजर्समधल्या तुमच्या फोल्डरात डेस्कटॉप आहे का पाहा, नसेल तर तोही करा. जागेवर फोल्डर नसेल तर लॉगिनला 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' येते. मग विंडोज+आर, रेजएडिट (रजिस्ट्री उघडते), आणि एचकी करंट युजर \ सॉफ्टवेअर \ मायक्रोसॉफ्ट \ विंडोज \ करंटव्हर्जन \ एक्सप्लोरर \ युजर शेल फोल्डर्स. राइट क्लिक करून एक्सपोर्ट. ही प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, डेस्कटॉपवर नको, तोच तर बिघडलाय.

उजवीकडे 'डॉक्युमेंट्स' शोधू नका, तिथे त्याचे जुने नाव 'पर्सनल' आहे. त्यात डी:\डॉक्युमेंट्स भरा. 'डेस्कटॉप'मध्ये %युजरप्रोफाइल%\डेस्कटॉप. खाली महिरपी कंसातली लांबलचक नावे दिसतील. एफ४२ईई२डी३ ने सुरू होणारे डॉक्युमेंट्सचे, ७५४एसी८८६ ने सुरू होणारे डेस्कटॉपचे. तिथेही डी:\ असेल तर तेही बदला. हेच राहून जाते, आणि मग लोक म्हणतात रजिस्ट्री बदलूनही काही झाले नाही.

नोंद डबल क्लिक करूनच बदला. पुसून नवी केलीत आणि प्रकार आरईजी एक्स्पांड एसझेडऐवजी साधा आरईजी एसझेड झाला, तर %युजरप्रोफाइल% उलगडत नाही. शेजारच्या 'शेल फोल्डर्स' या कीकडे जाऊ नका. तिच्यात पहिलीच नोंद 'ही की वापरू नका' अशी आहे, मायक्रोसॉफ्टनेच लिहिलेली.

साइन आउट, साइन इन. डेस्कटॉप साफ दिसेल, फाइल मात्र अजून जिथल्या तिथेच.

रोबोकॉपीवाला

फाइलींचे मी सांगतो. लाईट गेली होती, तेव्हा आधी अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर चेकडिस्क डी: /स्कॅन (डिस्कमधल्या चुका तपासते, टाइप chkdsk करा) आणि तेच सीसाठी.

एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर 'मूव्ह' म्हणजे कॉपी करून मग मूळ पुसणे. म्हणून लाईट गेली त्या क्षणीची फाइल दोन्हीकडे असेल, आणि सीवरची अर्धवट. आकार पूर्ण दिसेल, कारण जागा आधीच धरून ठेवलेली असते, आत मात्र शून्ये. वर तारीख नवी. त्यामुळे 'नवी ती खरी' हा नियम इथे उलटा पडतो. दोन्हीकडे असेल तर डीवरची खरी माना.

सीवर आलेल्यांपैकी शेवटच्या दहा-वीस फाइल उघडून पाहा. एखादी उघडत नसेल आणि डीवर तिचे मूळ नसेल, तर डीवर काहीही लिहिण्याआधी थांबा. हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल वरून दुसरे लिहिले जाईपर्यंत परत मिळू शकते. त्यासाठी विंडोज फाइल रिकव्हरी वापरा, पण मिळालेले पेन ड्राइव्हवर उतरवा.

सगळे ठीक असेल तर डीच्या मुळाशी (थेट डी:\ वर) असलेले तुमचे फोल्डर डी:\डॉक्युमेंट्समध्ये ओढा. एकाच ड्राइव्हवर असल्याने काही सेकंदांचे काम. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, रिसायकल बिन, विंडोजअॅप्स यांना हात नको. नावे बदलू नका, बॅकअपही आत्ता आतच घ्या, नाहीतर पुढची जुळणी चुकेल. मग साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (पॉवरशेलला %युजरप्रोफाइल% कळत नाही) रोबोकॉपी ही विंडोजचीच कॉपी करायची कमांड:

रोबोकॉपी "%युजरप्रोफाइल%\डॉक्युमेंट्स" डी:\डॉक्युमेंट्स /ई /एक्सजे /एक्ससी /एक्सएन /एक्सओ /आर:१ /डब्ल्यू:१ /एल

/एल आहे तोवर फक्त यादी दिसते. यादी पटली की ते काढून पुन्हा चालवा. एक्ससी, एक्सएन, एक्सओ तिन्ही मिळून डीवर आधीच असलेल्या फाइलला धक्का लावत नाहीत, नसलेल्याच जातात. एक्सजे हवेच, डॉक्युमेंट्सच्या आत माय म्युझिक वगैरे लपलेले दुवे असतात. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर अडलेल्या एका फाइलवर दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न चालतो. /एमआयआर कुणी सुचवले तर ऐकू नका, डीवरचे जे सीवर नाही ते सगळे पुसेल.

सीवरच्या प्रती दोन दिवस राहू देत.

किनारा७

एवढी उठाठेव कशाला? सी:\युजर्स अख्खे डीवर न्या आणि लिंक करा.

खाडीपलीकडे

@किनारा७ नको. डी लागली नाही तर लॉगिनच होत नाही किंवा टेम्पररी प्रोफाइल उघडते, आणि विंडोजचे मोठे अपडेट अशा मांडणीवर अडते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स वेगळे न्या. अॅपडेटा (प्रोग्राम आपली सेटिंग ठेवतात तो लपलेला फोल्डर) सीवरच राहू द्या.

पेटी_देवगड

झाले! एक पट्टी अर्धवट निघाली, तिची चांगली प्रत डीवर होती. दोन गोष्टी राहिल्या: डी ड्राइव्हला अजून डॉक्युमेंट्सचेच चित्र आहे, आणि बिलाचे सॉफ्टवेअर 'डेटा सापडत नाही' म्हणते.

रोबोकॉपीवाला

चित्र डीच्या मुळाशी उरलेल्या लपलेल्या डेस्कटॉप.आयएनआयमुळे. अॅट्रिब -एस -एच -आर डी:\डेस्कटॉप.आयएनआय, मग डेल डी:\डेस्कटॉप.आयएनआय, आणि पुन्हा साइन इन. फक्त मुळाशी असलेली, डी:\डॉक्युमेंट्समधली नको.

बिलाच्या सॉफ्टवेअरला जुना पूर्ण पत्ता लक्षात आहे. त्याच्या सेटिंगमध्ये डेटाचा पत्ता बदला. 'नवी कंपनी तयार करा' असे विचारले तर नाही म्हणा, नाहीतर रिकाम्या डेटावर बिले सुरू होतील.

आणि हलवाहलवी करताना डेस्कटॉपला यूपीएस लावा. घरचा इन्व्हर्टर चालू व्हायला घेतो तेवढ्या वेळातही पीसी बंद पडू शकतो.