कसबा ते मंडई, पायी एक दिवस: क्रम कसा लावावा आणि कुठे काय खावं?

गोदाकाठ:
नमस्कार. पुढच्या महिन्यात एका शनिवारी आई-वडिलांना घेऊन नाशिकहून पुण्याला येतोय. दोघंही पासष्टीच्या पुढचे आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर थांबत थांबत ती चालते. शनिवारवाडा आणि दगडूशेठ एवढंच करून परतायचं नाही, जुन्या पेठा नीट बघायच्या आहेत. खाणं शाकाहारी. तीन प्रश्न आहेत: गाडी कुठे ठेवावी, कुठून सुरुवात करावी आणि मिसळ कुठली?

पेठकर:
गाडी पेठेत आणू नका. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी आहेत, एक वळण चुकलं की पूर्ण फेरा पडतो. मंडईजवळचे वाहनतळ शनिवारी लवकर भरतात. तुम्ही नाशिककडून येताय, तर गाडी शिवाजीनगर भागात कुठेतरी लावा आणि मेट्रो पकडा. शिवाजीनगर, मग जिल्हा न्यायालय (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट), मग कसबा पेठ, त्यापुढे मंडई. ही स्टेशनं जमिनीखाली आहेत आणि सगळीकडे लिफ्ट आहे, त्यामुळे आईंना जिने चढायला लागणार नाहीत. सकाळी आठला कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि संध्याकाळी मंडईहून परत फिरा. तेवढं चालणं वाचतं.

आता क्रम. लोक शनिवारवाड्यात दहा-साडेदहाला शिरतात. ऊन तापेपर्यंत आत फिरतात, मग भूक लागली की मिसळ शोधायला निघतात. तोवर चांगली मिसळ संपायला आलेली असते. म्हणून आधी खा. स्टेशनवरून फडके हौदाकडे चालत जाऊन वैद्यांची मिसळ घ्या. रस्सा लाल नसतो, हिरवट आणि पातळ असतो. कोल्हापुरी तर्रीची अपेक्षा ठेवून गेलात तर फसल्यासारखं वाटेल, पण वडीलधाऱ्यांच्या पोटाला हीच बरी.

तिथून कसबा गणपती. पुण्याचं ग्रामदैवत, विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. देऊळ लहान आहे, पंधरा मिनिटं पुरतात. शेजारचा लाल महाल ही अलीकडची बांधणी आहे. शहाजीराजांचा मूळ वाडा आणि ५ एप्रिल १६६३ चा शाहिस्तेखानावरचा छापा याच जागी, पण आज उभी असलेली भिंत त्या काळची नाही. हे आधी माहीत असलं तर निराशा होत नाही.

मग शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला, त्यामुळे आत फक्त जोती आणि कारंज्याची हौदं उरली आहेत. खरा ऐवज दिल्ली दरवाजात आहे, तिथेच जास्त वेळ द्या. दाराचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, म्हणजे हत्तीने धडक देऊ नये. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, लगेच वळते, म्हणजे घुसलेल्या फौजेचा वेग मोडतो. आईंना दरवाजाजवळच सावलीत बसवा. तटावर जायचा जिना उंच पायऱ्यांचा आहे. वडिलांना हौस असेल तर त्यांनी एकट्याने चढावं.

खलबत्ता:
वरच्या क्रमाला माझा पाठिंबा आहे, खाण्याबद्दल थोडी भर घालतो. मिसळ म्हटलं की बरेच जण नारायण पेठेतली बेडेकरांची सुचवतील. ती उत्तम आहे, जरा गोडसर रस्सा, सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. पण ती मुठेच्या बाजूला, कसब्यापासून उलट्या दिशेला आहे. कसब्यातून तिकडे जाऊन परत आलात की तुमचा सकाळचा गारवा रस्त्यातच संपला. बेडेकरांकडे जायचंच असेल तर वेगळ्या दिवशी केसरीवाड्यासोबत जा. टिळकांचा हा वाडा नारायण पेठेतच आहे आणि त्याच्या जवळच प्रभा विश्रांतीगृहाचा बटाटावडा मिळतो. त्यात हळद नसते, सारण पांढरट दिसतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला तो कच्चा वाटतो, पण तो तसाच असतो. आलं, मिरची, लिंबू नीट कळतात ते हळद नसल्यामुळेच.

जेवण लक्ष्मी रोडवरच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये करा. मराठी जेवण, थालीपीठ, उपासाचे पदार्थ, सगळं मिळतं. शनिवारी खरेदीला आलेली कुटुंबंही तिथेच येतात, त्यामुळे एकच्या ठोक्याला रांग लागते. साडेबाराला बसलात तर उभं राहावं लागणार नाही. आणि पेठेतली बरीच जुनी ठिकाणं दुपारी बंद असतात हे डोक्यात ठेवा. दीड ते चार हा वेळ खाण्यासाठी ठेवू नका, बघण्यासाठी ठेवा.

जेवणानंतर लगेच मस्तानी घेऊ नका. ती दुधाची, घट्ट, वर आइस्क्रीमचा गोळा. भरल्या पोटी अर्धी टाकावी लागते. साडेचार-पाचला निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानीत जा आणि ज्येष्ठांसाठी दोघांत एक सांगा. आंब्याची घ्या. परतीला सोन्या मारुती चौकात आद्य अमृततुल्यचा चहा.

तांबटआळीकर:
दोन जागा सुटल्या, आणि माझ्या मते त्या शनिवारवाड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. कसब्यातून नागझरीचा ओढा ओलांडून नागेश्वराच्या देवळाच्या बाजूला जायचं. रिक्षाने पाच-सात मिनिटं लागतात, आईंना चालवू नका. १७५४ मध्ये काम सुरू झालं, १७७० मध्ये पूर्ण झालं. पुण्यातली बरीच जुनी देवळं लाकूड-विटांची, हे मात्र काळ्या दगडाचं आहे आणि दर्शनी भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही. दाराच्या बाजूला खाली वाकून बघा: साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेत. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. खाली तळघरात समाधी आहे, तिथे पाणी साचलेलं असतं आणि ते गुरुपौर्णिमेलाच दर्शनाला उघडतात. त्यामुळे इतर दिवशी तळघराचा आग्रह धरू नका. आरतीच्या वेळा सोडून गेलात तर कोरीवकाम शांतपणे बघता येतं.

दुसरी, कसब्यातली तांबट आळी. सकाळी दहानंतर जा, कारण त्याआधी ठोके सुरू झालेले नसतात. तांब्याच्या भांड्यावर दिसतात ते गोल ठसे म्हणजे मठारकाम. भांडं लोखंडी दांड्यावर उलटं घालून, चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोका देत फिरवतात. ही केवळ नक्षी नाही. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणून भांड्याला पोचे पडत नाहीत. विकत घेताना भांडं उजेडाकडे तिरकं धरा. हाताचे ठसे एका ओळीत असतात, पण प्रत्येक जरासा वेगळा असतो. साच्याचे असतील तर सगळे हुबेहूब सारखे. भाव वजनावर असतो, म्हणून समोर तोलून घ्या. आणि ताक, चिंच, लिंबू असलं आंबट काही ठेवायचं असेल तर आतून कल्हई केलेलंच घ्या, नाहीतर तांबं पदार्थात उतरतं.

पेठकर:
तांबट आळी शनिवारवाड्यानंतर घ्या म्हणजे वेळ बरोबर जुळते. दुपारच्या भागाबद्दल एवढंच: विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघा. वाड्याला लागून उभं राहिलात तर सुरूच्या आकाराचे खांब आणि त्यांवरची लाकडी केळफुलं दिसतच नाहीत. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७ चा. त्यानंतर केळकर संग्रहालय, उन्हापासून सुटका तिथेच. दिवे आणि अडकित्ते सावकाश बघा. वर जायला जिने आहेत, आईंना तळमजला पुरे.

तुळशीबागेत भांडी-बांगड्यांच्या गर्दीत राममंदिराची वाट चुकते. मान वर करून शिखर शोधा, सुमारे १४० फूट उंच आहे, आणि त्या दिशेच्या बोळातून आत शिरा. शेवटी मंडई. १८८६ ची अष्टकोनी इमारत, मधल्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की आठही बाजू कळतात. मेट्रो तिथून दोन मिनिटांवर.

गोदाकाठ:
मनापासून आभार. एक शंका: सगळं एका दिवसात आईला झेपेल का? काही गाळायचं झालं तर काय गाळू?

तांबटआळीकर:
लाल महाल बाहेरूनच बघा आणि केळकर संग्रहालय दुसऱ्या खेपेला ठेवा. त्रिशुंड गाळू नका. रिक्षावाल्याला "त्रिशुंड" कळलं नाही तर "नागेश्वर मंदिर, सोमवार पेठ" सांगा, तिथून कोणीही दाखवेल.