कंप्रेसरचा प्रेशर स्विच बदलायचा आहे, पण दोष खरोखर स्विचचाच आहे का?

गावभागकर, सांगली

नमस्कार. माझ्याकडे घरी दोन एचपीचा, सिंगल फेजवर आणि पट्ट्यावर चालणारा एअर कंप्रेसर आहे. टाकी साधारण सत्तर लिटरची आहे. वडील गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करीत असत, तेव्हापासूनचा तो आहे. मी आता त्याचा उपयोग ग्रिलला रंग मारणे, गाडीच्या चाकांत हवा भरणे आणि भावाच्या ट्रॅक्टरचा एअर फिल्टर झाडणे, एवढ्यापुरताच करतो. टाकीतला दाब सहा किलोला उतरला की सुरू होणे आणि आठ किलोला पोचला की बंद होणे हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

गेल्या पंधरा दिवसांत मात्र एकामागून एक तीन गोष्टी घडल्या. मोटार बंद झाली की पूर्वी प्रेशर स्विचच्या (दाबाप्रमाणे मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) खालून दोन सेकंद ‘फुस्स’ असा आवाज येऊन थांबत असे. आता तो आवाज थांबतच नाही आणि हवा कुठेही वापरलेली नसताना दहा मिनिटांत टाकी आठवरून सहावर येऊन मोटार पुन्हा सुरू होते. पुढे असे होऊ लागले की सुरू होताना मोटार नुसतीच हुंकार देते आणि एखाद्या वेळी एमसीबी पडतो. शेवटी मागच्या रविवारी ती आठ किलोला थांबलीच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तेव्हा मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. स्विचचे झाकण उघडले तर कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी-तोडणारी टोके) काळे पडलेले होते आणि त्यांतली एक जोडी चक्क एकमेकींना चिकटून बसली होती. स्क्रू ड्रायव्हरने ती सोडवून मी पॉलिश पेपर मारला आहे. सध्या स्विच चालतो, पण माझा त्यावर विश्वास उरलेला नाही.

मी नवीन स्विच आणला आहे. जुन्याला खाली एकच भोक होते, याला चार आहेत. तो कसा बसवावा, वायरी कोठे जोडाव्यात आणि दाब कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. २०१९च्या महापुरात हा कंप्रेसर दोन-तीन दिवस पाण्याखाली होता; तेव्हा मोटार नव्याने वाइंडिंग करून घेतली होती आणि त्यानंतर आजवर कोणतीही तक्रार नव्हती.

जुना फिटर, कुपवाड

स्विच बदलावा लागेल हे खरे आहे, कारण पॉलिश पेपर मारलेले कॉन्टॅक्ट फार दिवस टिकत नाहीत. त्यांच्यावरचा चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर घासला गेला की खालचा धातू प्रत्येक ठिणगीला जळत जातो. पण तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींचा क्रम पाहता, दुखणे स्विचपासून सुरू झाले असे मला वाटत नाही. ते टाकीच्या तोंडाशी असलेल्या एनआरव्हीपासून, म्हणजे हवा टाकीत जाऊ देणाऱ्या पण उलट येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हपासून, सुरू झाले असावे, आणि तो तसाच ठेवून नवीन स्विच बसवलात तर तोही काही महिन्यांत याच मार्गाने जाईल.

त्या ‘फुस्स’ आवाजाचे कारण लक्षात घेतले की बाकीचे आपोआप उलगडते. मोटार थांबते त्या क्षणी हेडपासून (पिस्टनच्या वरच्या भागापासून) एनआरव्हीपर्यंतच्या जाड नळीत दाबाखालची हवा अडकून राहते. ती तशीच राहिली तर पुढच्या वेळी पिस्टनला पहिल्याच फेऱ्यात त्या दाबाविरुद्ध उठावे लागेल आणि सिंगल फेज मोटारीला ते झेपत नाही. म्हणून स्विच बंद होताना त्याच्या बगलेतला लहानसा अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो आणि एनआरव्हीवरून आलेल्या बारीक नळीतून ती अडकलेली हवा बाहेर सोडून देतो. हे काम दोन-चार सेकंदांचे असते. एनआरव्ही गळू लागला की त्याच वाटेने टाकीतली हवाही उलटी येऊ लागते आणि आवाज थांबत नाही. टाकी रिकामी होत जाते, मोटार पुनःपुन्हा सुरू होते, आणि हेडवरचा दाब पूर्ण उतरलेला नसल्यामुळे प्रत्येक वेळी ती भाराखाली सुरू होते. हुंकार, एमसीबी पडणे आणि कॉन्टॅक्ट चिकटणे ही सगळी त्याचीच पिल्ले आहेत.

तरीही माझ्या शब्दावर खर्च करू नका, आधी तपासून पाहा. टाकी तीन-चार किलोपर्यंत भरा, खटका ऑफ करा, मेन स्विचही बंद करा आणि ती बारीक नळी स्विचकडच्या बाजूने सावकाश ढिली करा. नळीतून हवा सतत येत राहिली आणि स्विचचा आवाज बंद झाला, तर एनआरव्ही गळतो आहे. नळीतून काहीच येत नाही आणि स्विचच्या पोटातून मात्र हवा येतेच आहे, तर स्विचमधला रबरी पडदा फाटला आहे. आवाज मोटार चालू असतानाच येत असता तर मी अनलोडर नीट मिटत नाही असे म्हटले असते, पण तुमचे वर्णन तसे नाही.

गावभागकर, सांगली

आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. नळी ढिली करताच तिच्यातून हवा जोरात येऊ लागली आणि स्विच एकदम शांत झाला. टाकी रिकामी करून एनआरव्ही उघडला, तर आतल्या चकतीवर आणि तिच्या बैठकीवर काजळीसारखा चिकट काळा थर होता व चकतीची कड एका बाजूने झिजलेली होती. नवीन एनआरव्ही आणतो आहे. आता स्विच बसवण्याबद्दल सांगावे.

जुना फिटर, कुपवाड

त्या काजळीचे मूळ तेलात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल वर येते, गरम नळीत जळते आणि त्याचा थर एनआरव्हीवर बसतो. तेल बदलून किती दिवस झाले ते एकदा आठवून पाहा.

स्विच काढण्याआधी टाकी पूर्ण रिकामी हवी. गेजचा काटा शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण जुन्या गेजचा काटा अडकून बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. खालचा पाणी सोडण्याचा कॉक उघडा ठेवावा आणि काम संपेपर्यंत तो तसाच राहू द्यावा. स्विच फिरवताना दुसरा पाना खालच्या निपलला, म्हणजे स्विच आणि टाकी जोडणाऱ्या आखूड नळीला, लावून धरावा, नाहीतर स्विचऐवजी निपलच टाकीतून सुटून येते.

नवीन स्विचचे आटे आधी हाताने लावून पाहा. आपल्याकडच्या कंप्रेसरवर बहुधा पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, आणि बाहेरून आलेल्या स्विचवर कधी कधी एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात. पहिल्यात इंचाला १९ आटे आणि दुसऱ्यात १८, त्यामुळे दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग अडकतात. अडकल्यावर जोर लावणाऱ्याची भोके फाटतात. बारीक नळीचेही तसेच आहे. ६ मिलिमीटरच्या फेरूलमध्ये (नळी घट्ट धरणाऱ्या कड्यात) पाव इंची नळी, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, बसत नाही, आणि उलट केले तर गळते.

टेफ्लॉन टेप पहिला आटा मोकळा सोडून, आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळावी, म्हणजे तिचे तुकडे आत जाऊन अनलोडरमध्ये अडकणार नाहीत. चार भोकांपैकी एक टाकीला, बाकीच्यांत गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हलवता येतील; हलवायचे नसतील तर पितळी प्लग मारून टाका. प्लग रिकाम्या भोकांना मारायचा असतो, सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकाला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण ‘तो सारखा उडतो’ म्हणून त्याच्या जागी प्लग मारलेला एक कंप्रेसर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता.

वाइंडिंगवाला, तासगाव

वायरींबद्दल मी लिहितो. विजेचा प्लग काढून ठेवल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि मोटारीचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ भरलेला राहू शकतो, म्हणून मोटारीच्या बाजूच्या उघड्या टोकांना हात लावू नका. जुना स्विच सोडण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आत दोन जोड्या असतात. एकीवर मेनकडून आलेले फेज आणि न्यूट्रल, दुसरीवर मोटारीकडे जाणाऱ्या दोन वायरी. कोणते टोक कशाचे हे झाकणाच्या आतल्या आकृतीवर पाहावे, कारण प्रत्येक बनावटीत त्यांचा क्रम सारखा नसतो. अर्थिंगची हिरवी वायर स्विचच्या धातूच्या अंगाला लावायचीच. दोनच वायरींवर ‘चालते की’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. वायरींच्या टोकांना लग (धातूची टोपी) दाबून मगच स्क्रू आवळावेत, कारण पट्ट्याच्या कंप्रेसरची थरथर ढिला स्क्रू फार दिवस टिकू देत नाही आणि ढिला स्क्रू म्हणजे पुन्हा जळालेले टोक.

स्विच किती अँपिअरचा आणला आहे तेही पाहा. दोन एचपीची सिंगल फेज मोटार चालताना ११-१२ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट खेचते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा ती वेग घ्यायला वेळ लावते आणि तो क्षण लांबतो. त्यात कंप्रेसर बारीक वायरीच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर चालवला तर विचारायलाच नको. कंप्रेसर बोर्डाजवळ ठेवून हवेचा पाइप लांब घ्यावा, विजेची वायर लांब घेऊ नये. कॉन्टॅक्ट वरचेवर जळत असतील तर एक चांगला उपाय म्हणजे शेतीपंपाला लावतात तशा पद्धतीचा, पण सिंगल फेजचा स्टार्टर लावून मोटारीचा भार त्याच्यावर टाकायचा आणि प्रेशर स्विचमधून फक्त त्याच्या कॉइलची वायर न्यायची. मग स्विचवर जवळजवळ काहीच भार राहत नाही, आणि मोटारीने जास्त वीज खेचली की ती बंद करणारा ओव्हरलोड रिलेही मिळतो.

आणखी एक सवय लावून घ्या. कंप्रेसर नेहमी स्विचवरच्या खटक्यानेच बंद करावा, प्लग ओढून नव्हे, कारण अनलोडर उघडतो तो खटक्याने. चालू कंप्रेसरवर लाइट गेली तरी हेडवरचा दाब तसाच राहतो आणि लाइट आली की मोटार भाराखाली उठू पाहते. म्हणून लाइट जाताच आधी खटका ऑफ करावा.

दाबाबाबत थोडक्यात सांगतो. बहुतेक स्विचांत मोठ्या स्प्रिंगचा नट आवळला की सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा असे दोन्ही दाब एकदम वर सरकतात, आणि लहान स्प्रिंग असल्यास ती त्या दोहोंतले अंतर बदलते. एका वेळी अर्धाच फेरा द्यावा, टाकी भरू द्यावी, गेज पाहावे. जुने सहा-आठ होते तर तेवढेच ठेवा.

कऱ्हाडकर, निवृत्त मेंटेनन्स

वरील दोघांनी स्विचबद्दल जे लिहिले आहे त्यात मला काही भर घालायची नाही. मला धास्ती वाटली ती प्रश्नातल्या अगदी शेवटच्या वाक्याची. कंप्रेसर दोन-तीन दिवस पुराच्या पाण्यात होता, मोटार वाइंडिंग झाली, पण टाकी आतून कोणी पाहिली का? कंप्रेसरच्या टाकीत एरवीही हवेतल्या बाष्पाचे पाणी साठतेच, पावसाळ्यात तर जास्तच. रोज कॉक उघडून ते सोडले नाही तर टाकी तळाकडून गंजत जाते आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. त्यातच रविवारी स्विच चिकटून दाब सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत चढला होता. तो व्हॉल्व्ह उडाला हे नशीब समजा. पुरातून आलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंगही गंजू शकते, तेव्हा तो नवीन घ्यावा.

कॉक उघडून पहिले पाणी पांढऱ्या भांड्यात धरा. पाणी तांबडे असेल आणि त्यात गंजाच्या खपल्या असतील तर टाकीची हायड्रो टेस्ट करून घेतल्याशिवाय कंप्रेसर चालवू नका. या चाचणीत टाकीतली सगळी हवा काढून ती पाण्याने काठोकाठ भरतात आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे टाकी उसवली तरी नुसता पाझर फुटतो, तीच हवेने उसवली तर पत्रा उडतो. ‘जास्त हवा भरून बघू’ असा प्रयोग घरी कृपया कोणीही करू नये. आणि गळते तिथे वेल्डिंग मारून घेणे हाही उपाय नव्हे, कारण आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो.

गावभागकर, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एनआरव्ही आणि स्विच दोन्ही बसवून झाले होते. पहिल्यांदा बंद होताना ‘फुस्स’ आवाज तीन सेकंदांत थांबला, आणि साबणाचे पाणी लावून पाहिले तेव्हा फक्त एका प्लगपाशी बुडबुडे दिसले, ते टेप वाढवल्यावर बंद झाले. स्विच आधी नऊच्या पुढे जाऊन थांबत होता. मोठा नट दीड फेरा ढिला केल्यावर तो आठला थांबू लागला आणि सव्वासहाला सुरू होऊ लागला. मोटार आता न हुंकारता उठते. तेल गेल्या दिवाळीच्याही आधी बदलले होते, हे कबूल करतो.

हे सगळे जमले त्याच संध्याकाळी कऱ्हाडकर साहेबांचा प्रतिसाद वाचला आणि स्टीलच्या वाटीत पाणी धरले. ते चहासारखे निघाले आणि वाटीच्या तळाशी नखाएवढ्या खपल्या बसल्या. कंप्रेसर बंद केला, टाकी मोकळी करून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेली. साडेदहा किलोच्या आसपास कॉकच्या शेजारच्या वेल्डिंगपाशी पाण्याची रेघ उमटली. वर्कशॉपवाल्याने पलीकडे हातोडीने हलकेच ठोकून दाखवले. तिथला आवाज बाकीच्या टाकीपेक्षा अगदी वेगळा, बसका येत होता.

टाकी भंगारात दिली आणि नवीन सांगितली आहे. कऱ्हाडकर साहेबांना एकच विचारायचे आहे: नव्या टाकीवर एनआरव्हीचे भोक अर्धा इंची आहे आणि माझा नवीन एनआरव्ही पाऊण इंची, तर मध्ये रिड्युसर घातलेला चालेल की एनआरव्हीच बदलून घ्यावा?

कऱ्हाडकर, निवृत्त मेंटेनन्स

बदलूनच घ्या. एनआरव्ही जितका टाकीला चिकटून आणि जोडांशिवाय असेल तितके बरे, कारण रिड्युसरने एक जोड वाढतो आणि पट्ट्याच्या थरथरीत आधी गळतो तो जोडच. दुकानदार बहुधा बदलून देईल, फक्त त्यावर पान्याच्या खुणा पडू देऊ नका.