कॅनडा २०१९: गवतातून परत आलेल्या व्हेटेलला दंड योग्य होता का?

खडीतला_बैल: काल पोराला मॉन्ट्रियलची ती फॉर्म्युला वन शर्यत दाखवली. ४८वी फेरी, पुढे असलेला व्हेटेल गवतात गेला, परत आला तो थेट मागच्या हॅमिल्टनच्या पुढ्यात. हॅमिल्टनला भिंतीपाशी ब्रेक मारावा लागला. ५ सेकंदांचा दंड. शेवटची रेषा सगळ्यात आधी ओलांडूनही व्हेटेल दुसरा. पोरगा म्हणतो, "बाबा, त्याने मुद्दाम केलं नाही, गाडीच तशी आली." मला काही सुचलं नाही. तिथे गवताऐवजी डांबर हवं होतं का?

तिसरा_गिअर: पोराचं अर्धं खरं आहे दादा. मी ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी लोकांना ट्रॅक खुला असतो त्या दिवशी, बाईक घेऊन जातो. एकदा ब्रेक उशिरा दाबला आणि सरळ गवतात. पडलो नाही, म्हणून खूश होतो. डांबरावर आलो तर पुढच्या टायरला गवताची पाती चिकटलेली. हँडल वळवलं, बाईक वळेचना, मागचा माझ्यामुळे बाहेर गेला. पिटमध्ये (गाड्या थांबतात तिथे) त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तापलेला स्लिक (खाचा नसलेला) टायर असेल ते उचलतो. त्यामुळे व्हेटेलची गाडी घसरली हे मला पटतं. पण नियम हेतू विचारत नाही, सुरक्षित परत आलास का एवढंच विचारतो. दंड कडक, पण नियमात बसणारा.

डांबराचं म्हणाल तर तिथे ब्रेक लागतो, गाडी वळते, पण चूक फुकटात पडते. ऑस्ट्रियाच्या शर्यतीत २०२३ला ट्रॅकची हद्द ओलांडल्याची १२०० हून जास्त प्रकरणं तपासायला आली. पुढच्या वर्षी ९ आणि १० नंबरच्या वळणांवर खडीचा पट्टा टाकला, आणि तिथे बहुतेक जण शहाण्यासारखे आत राहिले. खडीही देवमाणूस नाही म्हणा. २०२२ला सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत झोऊ या ड्रायव्हरची उलटी गाडी खडीवरून घसरत गेली आणि टायरच्या भिंतीवरून पलीकडे गेली.

पिटलेन_काका: पोराला २०१९चीच मोन्झाची शर्यत दाखवा. व्हेटेल अस्कारी वळणावर गरकन फिरला आणि मागचं न बघता ट्रॅकवर आला, स्ट्रोलला धडकला. १० सेकंदांचा स्टॉप-गो, म्हणजे पिटमध्ये १० सेकंद थांबून निघायचं. तिथे "गाडीच तशी आली" म्हणायची सोय नव्हती. गंमत पुढे आहे: फिरलेला स्ट्रोल तसाच गॅस्लीच्या वाटेत आला. स्ट्रोललाही दंड: ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे न थांबता पिटमधून जायचं.

खडीतला_बैल: दाखवलं काका. व्हेटेलची बाजू सोडली त्याने. आता म्हणतो, "स्ट्रोल तर आत्ताच मार खाऊन बसला होता, त्याला तरी कळायला नको?"