बाईच्या आठवणी इथे लिहा

धाकटी लेक
बाईच्या, म्हणजे आमच्या आईच्या, तेराव्याला अंगणात बसायला जागा उरली नव्हती. जेवून उठताना जो तो मला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. तेव्हा विनंती, जे सांगितलंत ते इथे लिहा. शुद्धलेखन बघू नका.

माझ्यापासून सुरू करते. बाई १९७२ ला नर्स म्हणून लागली, ऐन दुष्काळात. औसा तालुका तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, लातूर जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांत पोटुशी कोण, ओली बाळंतीण कोण, हे तिला चालण्यावरून कळायचं. दिवस भरत आलेलीला पाणी वाटायचं हलकं काम मिळावं म्हणून ती मुकादमाशी भांडायची. आम्हा भावंडांना मात्र ती दिवे लागल्यावरच दिसायची. मला याचा राग होता. तिला कधी बोलले नाही, हे आता लागतं.

थोरली सून
३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं घर पत्र्याचं, म्हणून वाचलो. किल्लारीकडची माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आत्याबाईंनी माझ्या कडेवरचं लेकरू चाचपून पाहिलं, पिशवी उचलली आणि उजाडायच्या आत निघाल्या. परत आल्या त्या अकराव्या दिवशी, चिखलानं कडक झालेल्या लुगड्यात.

त्या दिवसांतलं त्यांनी मला एकच सांगितलं. पावसात ताडपत्रीखाली एक बाळंतपण केलं, त्या बाईच्या घरातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. "इतके दिवस रडणंच ऐकत होते, पण त्या लेकराच्या रडण्याला सगळ्या बाया धावत आल्या." पुढे दरवर्षी अनंत चतुर्दशीला त्या अंगणात अंथरूण टाकायच्या आणि पहाटेचे चार वाजून गेल्याशिवाय डोळा मिटायच्या नाहीत. मीही शेजारी बसून असायची.

उपकेंद्राच्या गावची
मपली पहिली दोन लेकरं आठवड्याच्या आत झटके येऊन गेली. नाळेला राख-शेण लावायची रीतच व्हती. तिसऱ्या खेपेला शिष्टरबाईंनी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली. नाळ नव्या ब्लेडीनं कापली, उकळलेल्या दोऱ्यानं बांधली आन् वर काहीच लावू दिलं नाही. सासूवर रागावल्या नाहीत. रोज सांजच्याला येऊन तिच्यापाशी बसायच्या, ज्वारी निवडू लागायच्या. मला वाटायचं बोलायला येतात. त्या राखण करत व्हत्या. बाराव्या दिवशी सासूच म्हणली, "आता नाव ठेवू." त्या पोरानंच परवा खांदा दिला.

सोबत नोकरी केलेली
दसरा झाला की तांड्यावरच्या टोळ्या ऊसतोडीला उठायच्या, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परत. मधल्या महिन्यांत लेकराचा लसीचा डोस चुकला की चुकलाच. बाई टोळीची आगाऊ पैशांची उचल कधी वाटली जाते याची खबर ठेवायच्या. मुकादम ट्रक लावायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बर्फाचा डबा खांद्याला लावून तांड्यावर. कुण्या साहेबानं सांगितलेलं नव्हतं हे.

नातू
मोतीबिंदूनं नजर गेली तशी आजी तिची जुनी वही माझ्याकडून वाचून घ्यायची. सरकारी रजिस्टर वेगळं, ही तिची स्वतःची. मी नाव वाचलं की ती पुढचं सांगायची, "पायाळू होतं." "तिसरी मुलगी, बाप रुसून शेतात गेला होता, मीच हात धरून आणला."

शेवटच्या आठवड्यात एका ओळीवर अडलो, नावाची शाई पुसलेली. आजीलाही नाव आठवेना. थोडं थांबून म्हणाली, "बाजाराचा दिवस. दिवेलागण. रडायला उशीर लावला होता त्यानं."